कॅन्सरच्या पेशंटला घरी मालिश: कशी करायची आणि कुठं हातच लावायचा नाही

घरात कुणाला कॅन्सर निघाला की दोन सल्ले हमखास येतात बघा. एक म्हणजे, अंगाला तेल लावून चांगलं रगडून काढा, अंग मोकळं होतंय. आणि दुसरा, चुकूनही मालिश करू नका, गाठ अंगभर पसरतीय. गंमत अशी की कधीकधी दोन्ही सल्ले एकाच मामीकडून येतात, फक्त चार दिवसाच्या अंतराने.

मी फिजिओथेरपीचं काम करते, लातूर-धाराशिव भागातले बरेच पेशंट बघायला मिळतात, कुणी बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलला चाललेलं असतं, कुणी संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला, कुणी थेट मुंबईला टाटाला. प्रत्येक घरात हाच प्रश्न, की मॅडम तेल लावू का नको? तर उत्तर आहे, लावा, पण रगडू नका. बाकीचं सगळं, कुठं कधी किती आणि कुणी, ते खाली सविस्तर लिहिते. लांबलचक झालंय, पण पूर्ण वाचा, कारण कुठं हात लावायचा नाही ते मधे मधे सगळीकडं आलंय.

आधी ते "पसरतंय"चं मिटवून टाकू

कॅन्सर पसरतो तो त्या पेशींच्या स्वतःच्या गुणामुळं. हलक्या हाताने पायाला तेल लावल्यानं तो पसरतो याला काहीच पुरावा नाही. मालिशनं रक्ताभिसरण वाढतं म्हणून पसरेल असं म्हणणारे लोक पेशंटला रोज सकाळी चालायला मात्र सांगतात, आणि चालण्यानं रक्ताभिसरण मालिशपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. गाठीवर किंवा गाठीच्या आजूबाजूला मात्र दाबायचं नाही, चोळायचं नाही, ते अगदी पक्कं.

आणि उलट्या बाजूनं, मालिशनं कॅन्सर बरा होत नाही. गाठ विरघळत नाही, विष बाहेर पडत नाही. मालिश कशासाठी, तर दुखणं थोडं हलकं व्हावं, झोप लागावी, मळमळ आणि घाबरेपणा कमी व्हावा, आणि महिनोन्महिने ज्या अंगाला फक्त सुया टोचल्या गेल्या त्याला कुणीतरी मायेनं हात लावावा, एवढ्यासाठी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलनं तीन वर्षांत १२९० पेशंटची नोंद ठेवली होती, २००४ साली ती छापून आली. मालिशच्या आधी आणि नंतर पेशंटनीच आपला त्रास आकड्यात सांगायचा, आणि तो साधारण निम्म्यावर आलेला दिसला. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळं लगेच हुरळून जायचं कारण नाही.

मला जास्त कामाचा वाटतो तो २००८ चा अभ्यास, अमेरिकेतलाच. ३८० पेशंट, सगळे बरेच पुढच्या स्टेजचे. अर्ध्यांना मालिश दिली, अर्ध्यांच्या अंगावर नुसता हात ठेवला, ना चोळणं ना दाबणं. दोन्ही गटांना लगेच बरं वाटलं. मालिशवाल्यांना त्या वेळेपुरतं जरा जास्त, पण पुढच्या दिवसांत बघितलं तर दोघांत फरक राहिला नाही. याचा अर्थ घरच्या माणसासाठी सरळ आहे, की जोर लावायची गरजच नाही. नुसता हात सुद्धा अर्ध्याहून जास्त काम करतोय. आणि कॅन्सरच्या पेशंटमध्ये मालिशनं जे काही नुकसान होतं ते बहुतेक वेळा जोरामुळंच होतं.

पायरी १: डॉक्टरला विचारायचं, पण नीट विचारायचं

"डॉक्टर, मालिश केली तर चालतंय का?" असं विचारलं तर गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर एक तर "नको" म्हणतील नाहीतर "हळू करा" म्हणतील, आणि दोन्हीतून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा चिठ्ठीवर हे प्रश्न लिहून न्या: हाडात उतरलाय का, उतरला असेल तर कुठल्या हाडात? शिरेत रक्ताची गुठळी आहे का किंवा आधी झाली होती का? रक्त पातळ करायची गोळी किंवा पोटात घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का? काखेतल्या, मानेतल्या नाहीतर जांघेतल्या गाठी (कॅन्सरची गाठ नव्हे, लिम्फ नोड म्हणतात त्या अंगातलं पाणी गाळणाऱ्या ग्रंथी) काढल्यात का, कुठल्या बाजूच्या? रेडिएशन, म्हणजे आपल्याकडं ज्याला लाइट किंवा शेक म्हणतात, तो कुठल्या भागाला दिला?

दुसरं म्हणजे रक्ताचा रिपोर्ट स्वतः वाचायला शिका, अवघड नाही. सीबीसीच्या कागदावर प्लेटलेटचा आकडा असतो, नॉर्मल दीड लाखाच्या वर. ५० हजाराच्या खाली असला तर फक्त तेल पसरवण्याइतका हात, त्याच्या वर काही नाही. २० हजाराच्या खाली गेला की डॉक्टरला विचारल्याशिवाय मालिश नाहीच, नुसता हात धरून बसा. कारण प्लेटलेट कमी असताना साध्या दाबानंसुद्धा आतल्या आत रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी अंगावर निळे-काळे डाग दिसतात. तसे डाग कुणी न दाबता आपोआप दिसायलेत, हिरड्यातून रक्त यायलंय, तर मालिश राहू द्या, आधी डॉक्टरला फोन लावा.

हाडाचंही तसंच. मणका, मांडीचं हाड, खुबा, बरगड्या, दंड, इथं कॅन्सर उतरला असेल तर हाड आतून कमजोर झालेलं असू शकतं, बाहेरून काहीच दिसत नाही. त्या जागेवर दाब नाही, तो सांधा ओढायचा-फिरवायचा नाही. कंबर लई दुखायली म्हणून पाठीवर पाय देऊन चालायची पद्धत आपल्याकडं आहे, लहान पोराला उभं करतात कमरेवर. कॅन्सरच्या पेशंटला हे कधीही करू नका, हाडाचा रिपोर्ट चांगला असला तरी नको. आणि कंबर किंवा पाठ दुखत असताना पायातली ताकद कमी व्हायली, पाय बधिर पडायले, लघवी-संडासवरचा ताबा जायला लागला, तर ती इमर्जन्सी आहे, मणक्यातली नस दबत असू शकते. त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

पायरी २: मालिश कुणी करायची

घरातलं माणूस. बायको, नवरा, मुलगी, सून, भाऊ, जो शांत आहे आणि ज्याचा हात पेशंटला आवडतो तो. हा "आवडतो" शब्द महत्त्वाचा आहे. सासऱ्याला सुनेनं पाय दाबलेले अवघड वाटत असतील तर नातवाला बसवा. पेशंट नाही म्हणला तर नाही. कर्तव्य म्हणून रोज तेलाची वाटी घेऊन डोक्याशी उभं राहायचं नाही.

गावात नस मोकळी करणारे, हाड बसवणारे पैलवान असतात, बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बायका असतात, कटिंगच्या दुकानात डोक्याची चंपी असते. या लोकांच्या हाताला गुण असतोही, मी नाकारत नाही, मुरगळलेल्या पायासाठी लोक जातातच. पण त्यांचं सगळं कसब जोरात आहे, आणि इथं नेमका जोरच नको. बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशीला घरी बोलवायचीच असेल तर तिला आधी तुमच्या स्वतःच्या पायावर हात चालवायला लावा, आणि सांगा की मावशी यापेक्षा निम्म्यानं. ऐकलं तर ठीक.

पंचकर्म, अभ्यंग, स्वेदन असलं काही करायचं मनात असेल तर किमो किंवा रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरला सांगूनच. स्वेदनातली वाफ आणि उष्णता, अशक्त आणि पाणी कमी पडलेल्या पेशंटला झेपत नाही. बस्ती (म्हणजे औषधी एनिमा) तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असताना धोक्याची आहे, पोटातून इन्फेक्शन आणि रक्तस्राव होऊ शकतो. आणि जो कुणी "किमो बंद करा, आमच्या मालिशनं गाठ विरघळतीय" म्हणतो त्याच्या दारातून परत फिरायचं, पैसे दिले असले तरी.

बाहेरचा मसाज थेरपिस्ट लावायचा असला तर तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते बघा. कुठला कॅन्सर, कुठलं ऑपरेशन, शेवटचा किमो कधी, प्लेटलेट किती, सूज कुठं, हे काहीच न विचारता जो थेट बाही वर सारतो तो आपल्या कामाचा नाही.

पायरी ३: वेळ आणि दिवस

किमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पेशंट गळून गेलेला असतो, तेव्हा पाच मिनिटं पायाला किंवा हाताला, तेही मागितलं तरच. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्यात खाली जातात, औषधाप्रमाणं थोडं पुढं-मागं होतं, त्या दिवसांत हात अजून हलका आणि सर्दी-खोकला असलेल्या माणसानं लांबच राहायचं. पुढचा किमो यायच्या आधीचा आठवडा सगळ्यात चांगला, तेव्हा जरा निवांत वीस मिनिटं करता येतं.

किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की मालिश नाही, कपाळाला तेल नाही, घरची गोळी देऊन सकाळची वाट बघणं नाही. थेट हॉस्पिटल. हे मी कुठल्याही विषयावर बोलत असले तरी सांगतेच, कारण आपल्याकडं ताप म्हणजे काढा, आणि काढ्यात रात्र जाते.

जेवणानंतर निदान एक तास थांबा. दुखण्याची गोळी चालू असेल तर गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं सुरू करा, तेव्हा अंग सैल असतं. आणि उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२ डिग्री असताना, दुपारी तेल लावायचं नाहीच, घाम आणि तेल मिळून अंगावर पुरळ उठतं. पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर करा.

पायरी ४: तेल, हात, जागा

तेल कुठलं? साधं. खोबरेल चालतं, आपल्याकडचं घाण्याचं करडईचं चालतं (परभणीच्या विद्यापीठानं करडईच्या जाती काढल्या, आपण मात्र करडई सोडून सोयाबीनच्या मागं लागलो, जाऊ द्या), बदाम तेल चालतं. तिळाचं चालतं पण त्याला वास असतो, आणि किमोत वासाचा लई त्रास होतो, आधी आवडणारा वासही नकोसा होतो. म्हणून बाटली आधी पेशंटच्या नाकाजवळ न्या, तोंड फिरवलं तर दुसरं तेल. कापूर, निलगिरी, पुदिन्याचं सत घातलेली तेलं, बाम, मिरचीचा गुण असलेली दुखण्याची मलमं, हे काही नको, किमोत कातडी पातळ आणि कोरडी झालेली असते, आग होते. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी बघा.

तेल कोमट करायचं तर स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचं, पेशंटला "गरम लागतंय का" विचारायचं नाही, कारण ज्याच्या तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा आहे त्याला कळतच नाही. मिठाची पुरचुंडी, तापलेली वीट, गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावून फोड आलेले पाय मी बघितलेत.

नखं कापा, अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवा, साबणानं हात धुवा, आणि हात गार असतील तर एकमेकांवर चोळून घ्या. पलंग असेल तर पलंगावर करा, खाली बसून वाकून केलं तर दहा मिनिटांत तुमची कंबर धरते आणि मग हात आपोआप धसमुसळा होतो. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, भेटायला आलेल्या पाहुण्यांना चहा द्या आणि बाहेर बसवा. पेशंटच्या गुडघ्याखाली, मानेखाली उशी, अंगावर चादर, आणि ज्या भागाला हात लावतोय तेवढाच उघडा.

पायरी ५: हात लावायच्या आधी डोळ्यानं बघायचं

हे रोज. आजचा पाय कालच्या पायासारखा असेलच असं नाही. जखम, फोड, लाल चट्टे, नवीन गाठ, सुईची जागा, सूज. यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे एका पायाची सूज. एकच पोटरी फुगलीय, गरम लागतीय, लाल किंवा निळसर दिसतीय, दाबलं की कळ येतीय, तर ती शिरेतली गुठळी असू शकते, आणि चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, माणूस दगावू शकतो. कॅन्सरमध्ये अशा गुठळ्यांचं प्रमाण मुळातच जास्त असतं, वरून आपले पेशंट मुंबईहून रात्रभर रेल्वेत किंवा एसटीत पाय लोंबकळत बसून आलेले असतात. "प्रवासानं पाय भरून आलाय, जरा चोळून दे" हे वाक्य ऐकलं की आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी धरून बघा. फरक दिसला तर दोन्ही पाय सोडून द्या आणि डॉक्टरला दाखवा. त्यासोबत दम लागायला लागला, छातीत दुखायला लागलं तर गाडी काढा.

छातीत बसवलेला किमो पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी), दंडातली पिक लाइन (शिरेत घातलेली लांब नळी), नाकातली अन्नाची नळी, पोटावरची संडास-लघवीची पिशवी, यांच्या आजूबाजूला चांगली मोकळी जागा सोडायची. तेलानं चिकटपट्टी सुटते, त्यामुळं तेल तिथवर पोचूच द्यायचं नाही.

रेडिएशन चालू आहे त्या भागाला तेल नाही, क्रीम नाही, हळद नाही, डॉक्टरनं दिलेलं सोडून काहीच नाही, शाईच्या खुणा पुसल्या गेल्या तर अजून घोळ. छातीला शेक असेल तर पाठीचीही कातडी त्या रेषेत भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून तिथंही बघा. शेक संपल्यावर कातडी पूर्ण भरून येईपर्यंत थांबायचं, काही आठवडे जातात.

पायरी ६: प्रत्यक्ष मालिश

जोर किती, ते आधी. हा प्रकार शिकवणारे लोक जोराच्या पाच पायऱ्या मानतात, पहिली म्हणजे अंगाला क्रीम पसरवतो तेवढा हात, आणि पाचवी म्हणजे खोल रगडणं. घरी आपण पहिल्या पायरीवर सुरू करायचं आणि फार तर दुसरीवर थांबायचं, जिथं कातडी आणि त्याखालचं थोडं मांस हलतं पण आतला स्नायू दबत नाही. बालाघाटच्या डोंगरातलं पिकलेलं सीताफळ हातात घेतो ना, बोट रुतू नये म्हणून जसं सगळ्या तळहातानं धरतो, तेवढाच हात. अंगठ्याच्या टोकानं आणि कोपरानं काही करायचं नाही, सगळं तळहातानं.

पेशंट म्हणणारच, "अगं जरा जोरात दाब की माय, काही कळंना गेलंय." विशेषतः ज्यांनी जन्मभर शेतात काम केलंय त्यांना हलका हात म्हणजे चेष्टा वाटते. तेव्हा जोर वाढवायचा नाही, वेग कमी करायचा. हात जेवढा सावकाश फिरेल तेवढा तो जड आणि भरीव वाटतो, हे करून बघा, पटेल.

पायापासून सुरू करा. बहुतेकांना पायाला हात लावलेला चालतो, कपडे काढायला लागत नाहीत, आणि नळ्या-जखमा बहुतेक वरच्या अंगाला असतात. दोन्ही तळहातांत एक पाऊल धरा आणि अर्धा मिनिट काहीच करू नका, फक्त धरून ठेवा. मग तेल घेऊन बोटांपासून घोट्यापर्यंत, वर यायचं, परत खाली येताना हात नुसता टेकलेला. सात-आठ वेळा. टाचेभोवती गोल. तळव्यावर मुठीनं नाही, तळहाताच्या फुगीर भागानं सावकाश गोल. बोटं एक एक धरून सोडायची, ओढून टकाटक वाजवायची नाहीत. पोटरीवर फक्त तेल पसरवायचं, पिळायचं नाही, आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात हात द्यायचा नाही.

पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन असली औषधं चालू असतील तर हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तिथं हलका, सलग हात चांगला वाटतो, पण गुदगुल्या केल्यासारखा बोटांचा हात झोंबतो, म्हणून पूर्ण तळहात. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला गार स्पर्श सहन होत नाही, हात गरम करूनच लावा. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असतील आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले असतील तर तिथं चोळणं पूर्ण बंद, क्रीमसुद्धा थापल्यासारखं लावायचं. आणि हो, काशाची वाटी. तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासायचं आपल्याकडं फार आहे, उष्णता निघते म्हणतात, तूप काळं झालं की लोक खूश. ते काळं म्हणजे धातू आणि तुपाची रिॲक्शन आहे, उष्णता नाही. धडधाकट माणसानं खुशाल करावं, बधिर किंवा सोलणाऱ्या पायाला वाटी नको.

पाय झाले की तेल कपड्यानं पूर्ण पुसून घ्या, बोटांच्या मधलं पण. शहाबादी फरशीवर तेलाचा पाय आणि बधिर तळवा, पेशंट रात्री बाथरूमला जाताना घसरलाच म्हणून समजा. सुती मोजे घाला पण मोज्यांवर चालायला लावू नका, चप्पल द्या.

मग हात. तळहात उघडून दोन्ही अंगठे आडवे ठेवून मधून बाहेर, सावकाश. मनगटापासून कोपरापर्यंत तळहातानं. मळमळ होत असेल तर मनगटाच्या आतल्या रेघेपासून पेशंटची स्वतःची तीन बोटं मोजा, तिथं दोरीसारख्या लागणाऱ्या दोन स्नायूबंधांच्या मधे खळगा लागतो, त्यावर अंगठ्याचं पोट ठेवून हलका दाब दोन-तीन मिनिटं. काहींना चांगला फरक पडतो, काहींना काहीच नाही, उलटीची गोळी मात्र चालूच ठेवायची. सुजलेल्या हाताला, सलाईन लावलेल्या जागेजवळ हे करू नका.

डोकं. केस गळायला लागले असतील तर टाळू हुळहुळी होते, चंपी नकोच. कपाळावर तळहात ठेवा, मग भुवईच्या मधून कानशिलाकडं बोटांच्या पोटानं. टक्कल झालेल्या डोक्याला खोबरेल लावून नुसता हात फिरवलेला बऱ्याच बायकांना फार आवडतो, पण काहींना आपल्या डोक्याला कुणी हात लावलेला अजिबात नको असतो, आरशातसुद्धा बघत नाहीत. विचारून घ्या.

पाठ शेवटी. पालथं झोपवायचं नाही, ऑपरेशन, पोर्ट, पोटातलं पाणी, दम, काहीतरी असतंच. कुशीवर झोपवा आणि पोटाशी उशी द्या, नाहीतर खुर्चीवर उलटं बसवून टेकणावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकवा. मणक्याच्या हाडावर हात नाही, दोन्ही बाजूनं तळहात कमरेपासून खांद्याकडं. दोन मिनिटं पुरे.

सगळं मिळून दहा ते वीस मिनिटं. थकलेल्या माणसाला तासभर मालिश म्हणजे कामच लागतं. झोप लागली तर उठवून दुसरा पाय करू नका, राहू द्या अर्धा.

कॅन्सरप्रमाणं थोडं वेगळं

स्तनाचा कॅन्सर आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात, खांदा, छाती आणि पाठीचा वरचा भाग हा वेगळा विभाग समजा. तिथली पाणी वाहून न्यायची व्यवस्था कमी झालेली असते, जोरात चोळलं, गरम पिशवीनं शेकलं तर हात सुजू शकतो आणि ती सूज मग कायमची मागं लागू शकते, ऑपरेशनला वर्षं झाली असली तरी. त्या हाताला घट्ट बांगड्या, जड घागर, भाजणं-कापणं टाळायचं. सूज आलीच तर त्यासाठी वेगळी, अगदी हलकी मालिश असते, पट्टी बांधायची पद्धत असते, ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. सुजलेला हात अचानक लाल आणि गरम झाला, ताप आला तर ते इन्फेक्शन, त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशनचा व्रण आखडला असेल तर तो मोकळा करायची मालिश असते, पण जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जननं हो म्हटल्यावरच. बाकी या पेशंटसाठी चांगली गोष्ट अशी की उपचारानंतर राहिलेल्या दुखण्याला मालिश देऊन बघायला हरकत नाही, असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं २०२२ च्या सूचनांमध्ये म्हटलंय.

तोंडाचा कॅन्सर आपल्याकडं किती आहे ते सांगायला नको, तंबाखूची पुडी आणि गुटखा घराघरात आहे. मानेतल्या गाठी काढल्या की खांदा पडल्यासारखा होतो, हात वर जात नाही, मान ताठते. घरच्यांना वाटतं मान चोळून मोकळी करावी. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला दाबायचं नाही, तिथं मेंदूकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे आणि ऑपरेशननं ती आणखी उघडी पडलेली असते. त्या खांद्याला व्यायाम लागतो, मालिश नाही. तोंड उघडायचा व्यायाम पण रोजचा, तो चुकवू नका. मालिश करायची तर पाय आणि हात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटाला रेडिएशनचा शेक दिला असेल किंवा तिथल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजू शकतात, तिथं काखेचाच नियम. पोटावर मालिश नको. पोटात पाणी झालेल्या कुठल्याही पेशंटच्या पोटाला हात नको, आणि संडास होत नाही म्हणून बेंबीभोवती रगडणं तर मुळीच नको, आतडं अडलेलं असू शकतं.

ब्लड कॅन्सरमध्ये सगळा खेळ प्लेटलेटचा आणि इन्फेक्शनचा. आजचा रिपोर्ट बघा, मग ठरवा.

शेवटच्या दिवसात

औषधोपचार थांबलेत, घरी आणलंय, मॉर्फिनची गोळी किंवा औषध चालू आहे. तेव्हा घरातल्या लोकांना वाटतं आता काही करण्यासारखं उरलं नाही, आणि मग सगळे खोलीच्या दाराशी उभे. आत या. खाटेशी बसा, हात धरा, ओठाला, तळहाताला थोडं तेल लावा. चोळायचं काहीच नाही. एका कुशीवर पडून पडून जिथं कातडी लाल झालीय, माकडहाड, टाचा, खुबा, तिथं मालिश करायची नाही, तिथली कातडी फाटायच्या बेतात असते, तिथला भार काढा, दर दोन तासानं कूस बदला. श्वास जड व्हायला लागला, कपाळाला आठी पडली, हात मागं घेतला, तर थांबा. बोलता येत नसलं तरी हे सांगणंच असतं त्यांचं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं-त्रास कमी करायची) ओपीडी असेल तर तिथल्या सिस्टरकडून कूस बदलायची पद्धत बघून घ्या, एकदा बघितली की येते.

लहान लेकरं घरात असतील तर त्यांनाही हात धुऊन पाच मिनिटं आजोबांच्या पायाला तेल लावू द्या, सर्दी नसेल तर. लेकरांचा हात मुळातच हलका असतो, त्यांना शिकवायला लागत नाही.

आणि एक वही करा. तारीख, कुठं केली, किती वेळ, नंतर दुखणं दहापैकी किती, झोप लागली का, सकाळी कुठं डाग दिसला का. पुढच्या फॉलोअपला फाइलसोबत ती वही डॉक्टरसमोर ठेवा.